एकाच डब्यातला रंग

मंगळवार, ४ तारीख

नातीने ही वही हातात ठेवली आणि म्हणाली, "आजी, तुझ्या डोक्यात जे चालतं ते इथे ओत, आमच्या डोक्यावर नको." बरं बाई, ओतते. शाळा माझी तिसरीत संपली, पण अक्षर सुनेपेक्षा चांगलं आहे. आणि वाचायचं म्हणाल तर दुकानाच्या पाटीपासून औषधाच्या बाटलीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरापर्यंत मला सगळं वाचता येतं. चष्मासुद्धा फक्त सुई ओवायला लागतो.

ओतण्यासारखं आज एकच आहे. पोराच्या हृदयाची झडप बिघडली आहे. डॉक्टरने कागदावर चित्र काढून दाखवलं. मला ते वांगं दिसलं. म्हणे झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं येतं, छाती उघडून नवी बसवायची. पोरगा लगेच, "म्हणजे वॉशर बदलायचा." आयुष्यभर लोकांचे नळ दुरुस्त केले, त्याला दुसरं काय सुचणार! डॉक्टर हसला. सून हसली नाही. घरी आल्यावर तिने घडी घातलेले कपडे उलगडले आणि पुन्हा घड्या घातल्या. मी पाहिलं, बोलले नाही. एरवी बोलले असते.

ऑपरेशन चौदा तारखेला, शुक्रवारी, मोठ्या हॉस्पिटलात. गंमत म्हणजे नात सध्या त्याच हॉस्पिटलचं काम करते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसते, त्यामुळे आम्ही सगळे ताटं मांडीवर घेऊन जेवतो. आत ऑपरेशन चालू असताना बाहेर हॉलमध्ये ताटकळणाऱ्या नातेवाइकांसाठी ती एक स्क्रीन करते आहे. टोकन नंबर टाकला की आपल्या माणसाच्या नावाचं कार्ड येतं. निळं म्हणजे तयारी चालू, पिवळं म्हणजे आत, हिरवं म्हणजे सुखरूप बाहेर आणलं, थोड्या वेळात भेटा.

"आणि वाईट झालं तर कुठला रंग?" मी विचारलं.

"त्याला रंग नाही ठेवलेला आजी. ते माणूस येऊन सांगतं."

हे मात्र तिने शहाणपणाचं केलं.

शनिवार, ८ तारीख

मला कामाला लावलंय. जुना टॅब्लेट हातात दिला आणि म्हणाली, "तुला जमलं तर कुणालाही जमेल." अशी स्तुती फक्त रक्ताचं माणूसच करू शकतं.

सकाळभर बोटं मारत बसले. दुपारी चूक पकडली. घंटी वाजली, वरच्या पट्टीवर 'बाहेर आणलं' असं आलं, आणि खाली कार्ड मात्र पिवळंच! मी ओरडले, "अगं, घंटी म्हणते आला, कार्ड म्हणतं आत. मी बिचारीने कुणाचं ऐकायचं?"

तिने डोकं धरलं. मग समजावून सांगायला लागली. स्क्रीनच्या त्या घडीला जे ध्यानात असतं त्याला म्हणे स्टेट म्हणतात. प्रत्येक तुकड्याने आपलं आपलं ध्यानात ठेवलं तर ते लोकल स्टेट. सगळ्यांनी मिळून एकाच जागचं वाचलं तर ग्लोबल.

"म्हणजे ज्याच्या त्याच्या ताटात मीठ, की ओट्यावर एकच बरणी?" मी म्हटलं.

"तसंच काहीसं. आत्ता ताटात आहे. घंटीचं वेगळं, पट्टीचं वेगळं, कार्डाचं वेगळं."

"म्हणून एक खारट आणि एक अळणी. एकच डबा ठेव गं. ज्याला पाहिजे त्याने येऊन बघावं. या घरात मी आणि तुझ्या आईने एकमेकींना न विचारता एकाच भाजीत मीठ घालून झालंय, मला नको शिकवू."

आतल्या खोलीतून पोरगा पडल्या पडल्या हसला. त्याला आता हसलं की दम लागतो. नात म्हणाली, "खरंय तुझं, एकच डबा करते." संध्याकाळपर्यंत घंटी, पट्टी आणि कार्ड तिघांनी एका सुरात बोलायला सुरुवात केली. मी स्वतःवर खूश. सुनेला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलं, "या घरात माझा सल्ला ऐकणारं एक तरी माणूस आहे."

सोमवार, १० तारीख

नातीबरोबर काम करणारा चष्मेवाला आला होता. त्याच्या काचा इतक्या जाड आहेत की त्याला बहुतेक चहात पडलेली माशीही गाईएवढी दिसत असेल. तिचं काम बघून म्हणाला, "सुटसुटीत झालंय. पण कोणी एकाच स्क्रीनवर दोन टोकन टाकले तर? दोन कार्डं येतील आणि दोन्ही त्याच एका डब्यात हात घालतील."

"दोन कशाला टाकेल कोणी?" नात म्हणाली. "एका घरातली दोन माणसं एकाच दिवशी आत?"

"टाकता येतात ना? मग कोणीतरी टाकणारच."

"तू ना, पावसाळा नसताना छत्री उघडून फिरतोस."

"अगं पण रंग तरी कार्डाजवळ ठेव. बाकीचं ठेव सगळं एकत्र."

"पुढच्या खेपेला बघू. शुक्रवारी सुरू करायचंय, त्यांनी तारीख जाहीर केलीय. आणि शुक्रवारी माझे बाबा..."

त्याने विषय सोडला. मीही मध्ये तोंड घातलं नाही, म्हणजे बघा. जाताना पोराला भेटला, 'काका, बरे व्हा' म्हणाला. पोराने त्याला विचारलं, "तुझ्या घरी नळ गळतो का रे? आल्यावर बघतो." चहा तसाच राहिला होता, मी प्याले.

बुधवार, १२ तारीख

पोरगा उद्या दाखल होणार आणि आज बेसिनखाली उकिडवा बसून पाना फिरवतोय! सून त्याच्यावर ओरडली, तिचं ऐकेना म्हणून मी ओरडले, माझं ऐकेना म्हणून आम्ही दोघी एकमेकींवर ओरडलो. तो नळ घट्ट करूनच उठला. ओठ निळसर झाले होते.

जेवताना सून म्हणाली, "मी त्या हॉलमधल्या बाकावरून हलणार नाही. बाहेर आणतील तेव्हा समोर मी पाहिजे."

"हलणार नाही म्हणजे काय, खिळे ठोकून घेणार आहेस?"

"घेईन आई. ठोकून घेईन."

पोरगा मला म्हणाला, "तू टॅब्लेट घेऊन ये हां. पोरीचं काम पहिल्या दिवशी आपल्याच घरावर चालणार. माझा रंग नीट बघ." मी म्हटलं, "लहानपणी तापात लाल व्हायचास तेव्हापासून तुझा रंगच बघत आलेय." तो हसला, मग भिंतीला टेकून उभा राहिला. मी भांडी आवरायला घेतली. दुसरं काय करणार.

शुक्रवार, १४ तारीख

हॉलमध्ये बसून लिहितेय. त्याला सकाळी आत नेलं. कार्ड निळं होतं, ते पिवळं झालं. सून माझ्या उजवीकडे बाकावर, पाठ ताठ, हातात त्याचं घड्याळ. काल रात्रभर इथेच होती, परवाही झोपलेली नाही. तिच्या अंगाला आंबूस वास येतोय. सांगितलं तर म्हणते, "येऊ दे." नात ऑफिसात आहे. पहिला दिवस, काही बंद पडलं तर तिथेच दुरुस्त करावं लागतं. ती आणि चष्मेवाला तिथे बसलेत. काम झालं की येते म्हणाली.

डावीकडे एक बाई आहे, मांडीवर प्लास्टिकची टोपली. टोपलीत काय नाही! सफरचंदं, टॉवेल, दोन चपला, बाळाचं लोकरीचं टोपडं. म्हटलं, "बाळ कुणाचं?" तर म्हणाली, "नाही हो, हे माझ्या माणसाचं, त्याच्या टकलाला थंडी वाजते." मला हसू आवरेना. तिच्या माणसाच्या पोटाचं ऑपरेशन आहे. फोन तिचा जुना, बटणांचा, त्यावर ही स्क्रीन येत नाही. दर थोड्या वेळाने उठून दारावरच्या माणसाला विचारते आणि तो तिच्यावर खेकसतो. मी म्हटलं, "बस खाली. आण तुझं टोकन." आणि टाकलं माझ्या टॅब्लेटवर. आता वर माझ्या पोराचं कार्ड, खाली तिच्या टकल्याचं. दोन्ही पिवळी. बाई माझे हात धरून बसलीय, जसं काही मीच कापाकापी करणार आहे.

दुपार

हिरवं! हिरवं झालं! घंटी वाजली आणि बघते तर बाहेर आणलं! आणि नशीब तरी कसं, दोघांचंही एकदमच. माझा आणि तिचा, एका क्षणी. मी आणि टोपलीवाली दोघी उठून उभ्या राहिलो, ती तर माझ्या गळ्यातच पडली. टोपडं खाली पडलं.

सून बाकावर तशीच बसून रडायला लागली. तिला म्हटलं, "आता रडायचं काय? भेटायला अजून वेळ आहे, तिथे लिहिलंय. घरी जा, अंघोळ कर, केस धू. नवऱ्याने डोळे उघडल्यावर हा अवतार बघून पुन्हा मिटून घेतले तर?" ती नको नको म्हणत होती. मीच उठवली. रिक्षात बसवून आले. घर काही लांब नाही.

नातीला फोन करायची गरज नाही. तिच्याच यंत्राने सांगितलंय, तिला आधी कळलं असेल.

आता टोपलीवालीबरोबर खाली कँटीनमध्ये आलेय. तिने सफरचंद कापलं. चहात साखर जास्त घातली, आज चालतं.

शनिवार, १५ तारीख

तो गेला.

शुक्रवार, २१ तारीख

वही उशाखाली होती. आज काढली. पुन्हा ठेवून दिली. पुन्हा काढली.

लिहून टाकते. आम्ही कँटीनमध्ये चहा पीत होतो तेव्हा वर दाराशी त्याच्या नावाने हाका मारत होते. दारावरचाच माणूस धावत खाली आला. तोच, खेकसणारा. आता खेकसला नाही, माझा दंड धरून वर घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला झडप बसवली, पण रक्त थांबत नाही. अजून बाहेर आणलेलंच नव्हतं त्याला, आत्ता आणलं, आणि ते बरा झाला म्हणून नाही. "त्यांच्या पत्नी कुठे आहेत?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "अंघोळीला."

मला आत सोडलं. दोन्ही हातांना नळ्या. हात धरायला जागा नव्हती म्हणून पायाचा अंगठा धरला. गार होता. नखं वाढलेली होती. कापायला पाहिजे होती दाखल होण्याआधी, माझ्या लक्षातच आलं नाही.

सून आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं, कानामागे साबण तसाच. तोवर सगळं संपलेलं.

नात तिच्या मागोमाग आली. सून मला म्हणाली, "आई, तुम्ही म्हणालात हिरवं झालं." ओरडली नाही. नुसतं म्हणाली. मी बोलणार होते की झालंच होतं हिरवं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण पाठीमागे पोरीचं तोंड दिसलं. बापाच्या खोलीच्या दारात उभी. तिचं यंत्र, तिचं कार्ड, तिचा पहिला दिवस.

मी म्हटलं, "माझी चूक झाली. पिवळ्याला हिरवं समजले. म्हातारीचे डोळे."

सून त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. ताट आणून ठेवते, उचलून नेते. ठीक आहे. माझ्यावर राग धरून धरून किती वर्षं धरेल, माझी उरलीयेत किती! पोरीवर धरला तर दोघींचा जन्म जाईल.

त्याला पोचवून आलो. चष्मेवाला आला होता, सगळ्यांत शेवटी उभा होता. त्याच्या काचा ओल्या होत्या.

सोमवार, २४ तारीख

नात विचारायला आली. "आजी, टॅब्लेट कुठेय?"

"पडला, फुटला."

"फुटलेला दे."

"टाकून दिला."

टॅब्लेट माझ्या लोकरीच्या कपड्यांखाली आहे. तिथे कोणी हात घालत नाही.

ती पलंगावर माझ्याशेजारी बसली. बारीक झालीये, मनगटाची हाडं वर आलीयेत. म्हणाली, "तू खरंच पिवळ्याला हिरवं समजलीस?"

"हो."

"औषधाच्या बाटलीवरचं वाचतेस तू. माझ्या शर्टाचा दोरा बदललेला लांबून ओळखतेस."

"त्या दिवशी डोळ्यांत पाणी होतं."

"तू? तुझ्या डोळ्यांत?"

"का, माझ्या डोळ्यांना बंदी आहे? जा, जेवून घे."

ती उठली नाही. म्हणाली, "तू एकच टोकन टाकलं होतंस ना आजी? बाबांचंच?"

आता हे विचारायचं कारण काय ते मला समजेना. पण प्रश्न विचारताना माणसाचा श्वास असा अडकला की उत्तर सांभाळून द्यावं, एवढं मला कळतं. "एकच," मी म्हटलं. "दुसरं कुणाचं टाकणार? माझी काय दोन पोरं आत होती?"

तिने श्वास सोडला. पण जेवली नाहीच. चार घास चिवडले आणि उठली.

गुरुवार, २७ तारीख

आज सगळं मोडलं.

दारात टोपलीवाली. टोपली घेऊनच आली. हॉस्पिटलात कुणाकडून तरी पत्ता काढला. मागे तिचा माणूस, काठी टेकत, डोक्यावर ते टोपडं. त्याला बघून मला त्याचा राग आला. लिहून ठेवते, खोटं कशाला. तो चालत होता. पायऱ्या चढून आला होता. मला वाटलं याला ढकलून द्यावं. मग म्हटलं, "आत या."

सुनेने पाणी दिलं. नात टेबलाशी बसली होती, पण लॅपटॉप बंद. तो काही ती आता उघडत नाही. टोपलीवाली माझ्याजवळ बसून रडायला लागली. तिचं रडणं खरं होतं, त्यामुळे तिचा आणखी राग आला. आणि मग ती सुनेकडे वळून म्हणाली, "काय सांगू ताई, देवाने असं कसं केलं. दोघांची कार्डं एकदम हिरवी झाली ना! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वरचं आजींच्या मुलाचं आणि खालचं आमच्या ह्यांचं, एका क्षणी. आम्ही दोघी नाचलो की हो. आजींनी माझं टोकन त्यांच्या टॅब्लेटवर टाकलं म्हणून मला कळलं तरी..."

मी तिचा हात दाबला. तिला वाटलं मी धीर मागतेय. तिने उलट दाबला आणि पुढे बोलतच राहिली.

नातीकडे बघायची माझी छाती झाली नाही. बघितलं तेव्हा ती उभी होती. खुर्ची मागे पडलेली, पडल्याचा आवाज मला आलाच नव्हता.

टोपलीवालीचा माणूस बिचारा समजूतदार. त्याला काय ते कळलं नाही, पण काहीतरी झालं एवढं कळलं. "चल गं," म्हणाला. जाताना सफरचंदं ठेवून गेली.

दार लागल्यावर सून मला म्हणाली, "म्हणजे तुम्ही बरोबर वाचलं होतंत."

मी सफरचंदं गोळा करायला लागले.

"खोटं का बोललात आई?"

"सवय असते म्हाताऱ्या माणसांना."

"मला तुमच्यावर रागवणं जमत होतं हो," सून म्हणाली. "सकाळी उठायला तेवढंच होतं. आता मी कुणावर रागवू?"

नात म्हणाली, "माझ्यावर."

शनिवार, २९ तारीख

नातीने आईला सगळं सांगितलं. मी तिथेच बसले होते, मला कोणी उठवलं नाही.

म्हणाली, प्रत्येक कार्डावर नाव ज्याचं त्याचं येत होतं, पण रंग सगळी कार्डं एकाच डब्यातून घेत होती. कार्ड एकच असेल तर काही बिघडत नाही. दोन झाली की जो कोणी शेवटी काही कळवेल त्याचा रंग दोघांनाही. त्या माणसाला बाहेर आणलं, डब्यात हिरवा पडला, आणि बाबांच्या कार्डाने तोच उचलला. "मला सांगितलं होतं आई. तो म्हणाला होता रंग कार्डाजवळ ठेव. मीच म्हटलं दोन टोकन कोण टाकेल."

"पण आधी तर ते वेगवेगळंच होतं ना?" सुनेने विचारलं. सून वाटते तेवढी बावळट नाही. "मग एकत्र का केलंस?"

नातीने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं होतं, मिटलं. म्हणाली, "मलाच सोपं वाटलं."

माझ्याकडे बघून का थांबली कोण जाणे. मी काय केलं होतं? टोकन टाकलं, ते मी कबूलच केलंय. टाकलं नसतं तर टोपलीवाली दारावर खेकसून घेत बसली असती आणि माझी सून बाकावर असती. पण ज्या यंत्रात दोन टोकन टाकायची सोय ठेवलीये तिथे टाकलं तर बिघडलं कुठे?

सून उठून बाल्कनीत गेली. नात तिच्या मागे गेली नाही. पूर्वी दोघी एका उशीवर डोकं ठेवून गप्पा मारायच्या, मला त्याचाही राग यायचा. आता एक बाल्कनीत आणि एक टेबलाशी, आणि मधल्या दाराला साधी कडीसुद्धा नाही.

मी एकटी पेलत होते ते बरं होतं. घरात एकच माणूस वाईट असलं की बाकीच्यांचं निभतं.

मंगळवार, २ तारीख

नातीने हॉस्पिटलला स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी स्क्रीन बंद केली. चष्मेवाल्याचा फोन आला, तो म्हणतो दुरुस्त करून पुन्हा सुरू करायचं म्हणतायत, लोक मागतायत. "तू नको करूस, मी करतो," असं त्याने तिला सांगितलं. हिने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. उठेना. दुपारचं जेवण नाही, रात्रीचं नाही.

मी जाऊन पायाशी बसले. "बंद ठेवणार?"

"हो. लोकांना दारावर जाऊन विचारू दे. माणूस तरी खरं सांगतो."

"माणूस खेकसतो. मी पाहिलंय. तुझा बाप नळ सोडून द्यायचा का गळता? म्हणायचा का, आपल्या हातून गळला, आता दुसरा कोणी बघेल?"

"आजी, बाबांचं नाव नको घेऊस."

"घेणार. माझा मुलगा होता. तुझा बाप नंतर झाला."

उशीत तोंड खुपसून रडली. पहिल्यांदाच रडली, हे मला तेव्हा कळलं. मी थोपटलं वगैरे नाही, मला ते जमत नाही. बसून राहिले.

रविवार, ७ तारीख

दोन दिवस बसून नातीने दुरुस्त केलं. चष्मेवाला आला होता, शेजारी बसून होता, हात लावला नाही. जे सगळ्यांना सारखं लागतं, हॉलचं नाव, घड्याळ, भाषा, ते राहिलं एकाच डब्यात. रंग ज्याचा त्याच्या कार्डापाशी. घंटीने आणि पट्टीनेही आता त्या त्या कार्डाला विचारायचं. "आधीच हे करायला हवं होतं," ती म्हणाली. चष्मेवाला म्हणाला नाही की मी सांगितलं होतं. चांगला मुलगा आहे. जाताना मी त्याला ताजा चहा करून दिला.

तो गेल्यावर नात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आजी, तपासायचंय. दोन टोकन टाकून."

मी कपड्यांखालून टॅब्लेट काढून दिला. फुटलेला नाही हे तिने पाहिलं, वायर लावून दिली. टॅब्लेट चालू झाला, मांडीवर घेतला, पण तपासताना नंबराऐवजी नाव टाकायचं असतं, त्याला बोट पुढे जाईना. "कुणाचं टाकू?"

"कुणाचंही टाक. खोटं नाव टाक."

खोटं नाव सुचेना. आयुष्यभर इतकं खोटं बोलले आणि एक नाव सुचेना.

तेवढ्यात सून स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. इतके दिवस तिने या टेबलाकडे पाहिलं नव्हतं. तिने माझ्या हातातून टॅब्लेट घेतला, सोफ्यावर माझ्याशेजारी बसली, आणि वरच्या कार्डावर त्याचं नाव टाकलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग मला म्हणाली, "दुसरं तुम्ही सांगा आई." मी टोपलीवालीच्या माणसाचं सांगितलं. तिने तेही टाकलं.

दोन्ही कार्डं पिवळी झाली.

"आता खालच्याला बाहेर आणते," नात लॅपटॉपवरून म्हणाली. कळ दाबली.

घंटी वाजली. खालचं कार्ड हिरवं झालं. वरचं पिवळंच.

आम्ही तिघी त्या पिवळ्याकडे बघत राहिलो.

"बरोबर चाललंय," नात म्हणाली. मग, "आई, आता बाबांचंही हिरवं करून बघते. दोन्ही बाजूंनी तपासावं लागतं."

"नको," सून म्हणाली.

"अगं पण त्याशिवाय..."

"राहू दे गं. उद्या दुसऱ्या नावाने कर." तिने टॅब्लेट मांडीवर नीट ठेवला, दोन्ही हातांनी धरला. "आत आहे तो."

नात खुर्चीवरून उठली. मला वाटलं बाहेर जाते. ती आली आणि आईच्या पायाशी खाली जमिनीवर बसली. आईने तिच्याकडे पाहिलं नाही, पण एक हात टॅब्लेटवरून काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

हात लावला नाही तर तो टॅब्लेट थोड्या वेळाने आपोआप काळा पडतो. काळा पडायला लागला की सून बोट हलकेच टेकवायची आणि ते पिवळं परत यायचं. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. कोणी उठलं नाही.